मराठी सामासिक शब्दांतील अवयवविभाग आणि आघात : एक चिकित्सा
(नांदेड-लातूर परिसरातील शब्दांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठीच्या अध्यापनात समास हा विषय शालेय स्तरापासून पदव्युत्तर स्तरापर्यंत शिकविला जातो. अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व व बहुव्रीही हे चार मुख्य प्रकार, त्यांचे उपप्रकार आणि प्रत्येकाचा विग्रह अशी या अध्यापनाची ठरलेली वाट आहे. या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याला समासाचा अर्थ उलगडता येतो. परंतु सामासिक शब्द उच्चारला कसा जातो, तो कोठे तुटतो, त्यातील कोणत्या भागावर जोर पडतो आणि त्या तुटण्याचा ऱ्हस्व-दीर्घाशी काय संबंध आहे, हे प्रश्न त्याच्यासमोर येतच नाहीत. परिणामी लेखनाचे नियम त्याला पाठ करावे लागतात आणि पाठ केलेले नियम परीक्षेनंतर विसरले जातात.

प्रस्तुत लेखात मराठी सामासिक शब्दांतील अवयवविभाग व आघात यांचा विचार करून त्या आधारे रूढ व्याकरणपरंपरेची आणि मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणे शक्यतो नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नित्य व्यवहारातून घेतली आहेत. प्रश्न केवळ ध्वनिशास्त्राचा नाही. उत्तरपत्रिकेत ज्याला 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ मिळते, ते पुष्कळदा मराठीच्या स्वतःच्या नियमाला धरून असते काय, हा या लेखामागील मूळ प्रश्न आहे.

अक्षर आणि अवयव

देवनागरीत आपण 'अक्षर' मोजतो; बोलताना मात्र 'अवयव' उच्चारतो. एका स्वराभोवती गोळा होऊन एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह म्हणजे अवयव. संस्कृतात लिहिलेले अक्षर आणि उच्चारलेला अवयव यांची संख्या सामान्यतः जुळते, कारण तेथे प्रत्येक अकार उच्चारला जातो. मराठीत शब्दान्तीचा अकार बहुधा निभृत म्हणजे दबलेला असतो. 'राम' या शब्दात लिहिताना दोन अक्षरे आहेत, उच्चारताना एकच अवयव आहे.

या भागातील एक परिचित उदाहरण पाहावे. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव संक्षेपाने 'स्वारातीम' असे घेतले जाते. प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर घेऊन हा संक्षेप बनला, म्हणून लेखनात अक्षरे चार आहेत. उच्चार मात्र 'स्वा-रा-तीम' असा तीन अवयवांचा होतो. शेवटच्या 'म'मधील अकार दबतो आणि उरलेला 'म्' आधीच्या 'ती'ला जाऊन मिळतो. संक्षेप करणाऱ्यांनी अक्षरे जोडली. बोलणाऱ्यांनी त्यांचे अवयव केले. मराठी लेखननियमांतील पुष्कळसा गोंधळ या एका भेदाकडे झालेल्या दुर्लक्षातून निर्माण झाला आहे.

परंपरेने काय घेतले, काय सोडले

समासाचा उच्चाराशी संबंध प्राचीन वैयाकरणांना पूर्णपणे ज्ञात होता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सहाव्या अध्यायाचा दुसरा पाद प्रामुख्याने समासातील स्वराला वाहिलेला आहे. बहुव्रीहीत पूर्वपदाचा मूळ स्वर टिकतो, हे त्या पादाचे पहिलेच सूत्र सांगते. 'इन्द्रशत्रु' या शब्दाची कथा सर्वश्रुत आहे. उदात्त शेवटी असेल तर 'इंद्राला मारणारा' असा तत्पुरुष होतो. उदात्त आरंभी आला तर 'इंद्र हा ज्याला मारणारा आहे तो' असा बहुव्रीही होतो. अक्षरे तीच, विग्रह वेगळा आणि विग्रह ठरविणारा केवळ स्वर. महाभाष्यात ही कथा व्याकरणाच्या प्रयोजनांत सांगितली आहे, यावरून समासातील स्वराला दिलेले महत्त्व ध्यानात यावे.

मराठीत उदात्त-अनुदात्त राहिले नाहीत. त्यामुळे मराठी व्याकरणकारांनी समासप्रकरण घेताना त्यातील स्वरविचार वगळला, हे स्वाभाविक होते. आक्षेप वगळण्यावर नाही. वगळलेल्या जागी मराठीच्या उच्चाराचे स्वतंत्र निरीक्षण ठेवले गेले नाही, यावर आहे. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीच्या व्याकरणलेखनाला सुस्थिर रूप येऊ लागले. मोरो केशव दामले यांचा १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ आजही या क्षेत्रातील आधारस्तंभ आहे. तथापि या परंपरेत उच्चाराचा विचार वर्णप्रकरणात आणि समासाचा विचार शब्दसिद्धीत, अशी विभागणी रूढ झाली. दोन्ही प्रकरणे आपापल्या जागी समृद्ध असली, तरी त्यांची भेट व्हावी तशी झाली नाही. पुढे अशोक रा. केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मराठीची ध्वनिव्यवस्था व पदव्यवस्था आधुनिक भाषाविज्ञानाच्या पद्धतीने मांडली. तो प्रबंध इंग्रजीत असल्याने महाविद्यालयीन मराठी विभागांच्या दैनंदिन अध्यापनात त्या दृष्टीचा प्रवेश मर्यादितच राहिला.

समाससीमा ही पदान्त असते

मराठी सामासिक शब्द उच्चारात कोठे तुटतो, याचे उत्तर निभृत अकाराच्या वर्तनातून मिळते. 'दगड' हा शब्द 'द-गड' असा उच्चारला जातो. त्याला स्वरारंभी प्रत्यय लागला की 'दगडी' म्हणजे 'दग-डी', 'दगडाला' म्हणजे 'दग-डा-ला' असे होते. 'ग'मधील अकार दबतो आणि अवयवांची फेरजुळणी होते. आता 'दगडफेक' हा सामासिक शब्द घ्यावा. त्याचा उच्चार 'द-गड-फेक' असा होतो. 'दग-ड-फेक' असा नव्हे. 'ग'मधील अकार येथे शाबूत राहतो.

हेच इतरत्र दिसते. 'शहर' हे 'श-हर', 'शहरात' हे 'शह-रात', परंतु 'शहरवासी' हे 'श-हर-वा-सी'. 'गवत' हे 'ग-वत', 'गवताची' हे 'गव-ता-ची', परंतु 'गवतकाडी' हे 'ग-वत-का-डी'. 'डोंगरात' म्हणताना 'डोंग-रात' होते. 'डोंगररांग' म्हणताना 'डों-गर-रांग' असे दोन रकार स्पष्टपणे समोरासमोर येतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. 'मराठवाडा' हे नावही 'म-राठ-वा-डा' असेच तुटते.

या उदाहरणांवरून एक सूत्र मांडता येते : मराठी समासातील पूर्वपदाचा अंत हा उच्चाराच्या दृष्टीने पदान्तच असतो. प्रत्यय लागताना शब्द वितळतो. समास होताना तो शेजारी उभा राहतो.

हे वैशिष्ट्य मराठीपुरते नाही. डच भाषेत एरवी दोन स्वरांमधील व्यंजन पुढील अवयवात जाते. परंतु सामासिक शब्दात पूर्वपदाच्या शेवटचे व्यंजन सीमा ओलांडत नाही. तेथील 'क्वार्त्स्लाखेन' हा शब्द 'क्वार्त-स्लाखेन' असा तोडला तर 'पाव फेरे' आणि 'क्वार्त्स-लाखेन' असा तोडला तर 'क्वार्ट्झचे थर' असा अर्थ देतो. अवयवविभाग हा तेथे कोश व लेखननियमांचा मान्य विषय आहे, कारण ओळीच्या शेवटी शब्द तोडताना त्याची गरज पडते. मराठीतही ही गरज आहे. 'जलसाक्षरता' हा शब्द ओळीच्या शेवटी 'जलसा-' असा तुटला, तर वाचकाच्या मनात पाण्याऐवजी गाण्याचा कार्यक्रम येतो. अक्षरे मोजून तोडणाऱ्या यंत्राला समाससीमा दिसत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न : लातूर, लातुरात, माहूरगड

महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांपैकी ऱ्हस्व-दीर्घासंबंधीचे नियम 'अन्त्य', 'उपान्त्य' अशा अक्षरस्थानांच्या भाषेत मांडलेले आहेत. अकारान्त मराठी शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपात ते ऱ्हस्व, हा त्यांतील एक परिचित नियम. 'वकील - वकिलाला', 'फूल - फुलाला' ही त्याची उदाहरणे.

अवयवाच्या दृष्टीने पाहिल्यास या नियमाचे कारण लगेच स्पष्ट होते. 'लातूर' हा शब्द 'ला-तूर' असा दोन अवयवांचा आहे. दुसरा अवयव रकाराने बंद झाला आहे आणि शब्द तेथेच संपतो, म्हणून उकार लांबतो. 'लातुरात' म्हणताना रकार पुढे सरकतो, 'ला-तु-रात' असे होते, मधला अवयव उघडा पडतो आणि उकार आखूड होतो. 'उदगीर - उदगिरात', 'चाकूर - चाकुरात' येथेही हेच घडते. नियम अक्षराचा दिसतो. त्याचे कारण अवयवात आहे.

आता 'माहूर' पाहावे. 'माहुरात' हे ऱ्हस्व, पण 'माहूरगड' हे दीर्घ. अक्षरे मोजणारा विद्यार्थी येथे अडखळतो. उकार उपान्त्य राहिलेला नाही, मग तो दीर्घ का? उत्तर असे की 'मा-हूर-गड' यातील 'हूर' हा अवयव बंदच राहिला आहे, कारण समाससीमेने रकाराला पुढे जाऊ दिले नाही. 'लातूरकर', 'लातूरहून' येथे काटेकोर अर्थाने समास नाही, तरी 'लातूर' हे पद अखंड राहते व दीर्घत्व टिकते. ग्रामनामातील 'पूर' दीर्घ लिहावा असा स्वतंत्र नियम महामंडळाला करावा लागला. 'रेणापूर', 'अहमदपूर' ही रूपे वरील तत्त्वातून आपोआपच सिद्ध होतात. तत्त्व सांगितले असते, तर अपवादासारखा भासणारा हा नियम वेगळा पाठ करावा लागला नसता.

अर्थात सर्व उदाहरणे इतकी सुतासारखी सरळ नाहीत. 'दूधभात', 'मीठभाकर', 'पीकपाणी' यांत पूर्वपदाचे दीर्घत्व टिकते. 'फुलबाग', 'फुलदाणी', 'गुळपोळी' यांत ते जाते. रूढ नियमांत या भेदाचे समाधानकारक स्पष्टीकरण सापडत नाही. पहिल्या गटातील शब्द द्वंद्व आहेत. तेथे दोन्ही पदांचे वजन सारखे आहे, म्हणून दोन्ही पदे आपापला आघात राखतात. दुसऱ्या गटात पूर्वपद हे उत्तरपदाचे विशेषक आहे. ते उत्तरपदाला टेकते, त्याचा आघात हलका होतो आणि स्वर आखूड होतो. 'तिळगूळ' हा शब्द याच दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचा विग्रह 'तीळ आणि गूळ' असा करावा की 'तीळ घातलेला गूळ' असा, याविषयी मतभेद संभवतो. रूढ लेखनातील ऱ्हस्व 'ति' मात्र दुसऱ्या विग्रहाकडे झुकते. त्याच शब्दातील 'गूळ' शेवटी असल्याने दीर्घ राहतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की 'ऊसतोड', 'वीटभट्टी', 'पीकविमा' हे शब्द द्वंद्व नसूनही दीर्घ आहेत. हा आक्षेप योग्य आहे. या शब्दांत पूर्वपदाचा स्वतंत्र अर्थ बोलणाऱ्याच्या मनात जागा असतो. ज्या भागातील मजूर दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो, तेथे 'ऊसतोड' या शब्दातील ऊस झिजलेला नाही. उलट 'फुलपाखरू' म्हणताना फुलाची आठवण क्वचितच होते. म्हणजे समासातील आघात हा पदांच्या नात्यावर आणि समासाच्या मुरण्यावर अवलंबून असावा. हा कल आहे, नियम नव्हे. तथापि नियम करणाऱ्यांनी त्याची दखल घेणे आवश्यक होते.

तत्सम पूर्वपद : नियम आणि कान

खरा अन्याय तत्सम पूर्वपदांच्या बाबतीत होतो. संस्कृतातील 'कवि', 'गुरु', 'कृषि' हे शब्द मराठीत स्वतंत्रपणे आले, तर 'कवी', 'गुरू', 'कृषी' असे दीर्घान्त लिहावेत, परंतु समासात पूर्वपद म्हणून आले, तर मूळ ऱ्हस्वान्तच ठेवावेत, अशी व्यवस्था आहे. 'विद्यार्थी', 'पक्षी', 'स्वामी' हे शब्द संस्कृतात इन्नन्त असल्याने 'विद्यार्थिगृह', 'पक्षिमित्र', 'स्वामिनिष्ठ' असे लिहावे लागते. 'नदी', 'लक्ष्मी' हे मूळचे दीर्घान्त असल्याने 'नदीकाठ', 'लक्ष्मीपुत्र' असे लिहावे लागते. 'पक्षी' आणि 'नदी' यांत मराठीच्या कानाला कोणताही भेद जाणवत नाही. तो जाणण्यासाठी संस्कृतातील प्रातिपदिक माहीत असावे लागते.

येथे नियमातील अंतर्विरोध उघड होतो. स्वतंत्र शब्दाचा अन्त्य इकार-उकार दीर्घ मानताना महामंडळाने मराठीच्या पदान्ताचा उच्चार प्रमाण मानला. वर सिद्ध केल्याप्रमाणे समाससीमाही पदान्तच आहे. मग तेथे मराठीचा कान सोडून संस्कृताचे रूप प्रमाण का मानावे? विशेष म्हणजे पुनरुक्त शब्दांच्या नियमात महामंडळाने स्वतःच सीमेला पदान्त मानले आहे. 'हळूहळू' यात दुसरे व चौथे अशी दोन्ही अक्षरे दीर्घ लिहिली जातात, कारण 'हळू' हे पद दोनदा पूर्ण होते. 'लुटुलुटु' हा नादानुकारी शब्द मात्र ऱ्हस्व ठेवला जातो, कारण त्यात 'लुटु' असे स्वतंत्र पद नाही. जे तत्त्व 'हळूहळू'ला लागू होते, ते 'विद्यार्थीगृह'ला नाकारले जाते.

व्यवहाराने यातून पळवाट शोधली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नावात 'कृषी' हा शब्द सुटा व दीर्घ लिहिला जातो. 'कृषिप्रधान' हा शब्द जोडून व ऱ्हस्व. अर्थसंबंध दोन्हीकडे समासाचाच आहे. मधली मोकळी जागा हीच काय ती शुद्धाशुद्धाची सीमा ठरते.

नियमाच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. 'गुरुकुल', 'कविराज', 'भूमिपुत्र' असे शब्द संस्कृतातून सिद्ध समास म्हणून आले. त्यांची घडण मराठीत झालेली नाही. त्यांचे मूळ रूप जपणे योग्यच आहे आणि जुन्या ग्रंथांशी नाते टिकविण्यासाठी इष्टही आहे. म्हणून सरसकट दीर्घत्वाचा आग्रह धरणे उचित होणार नाही. सिद्ध समास आणि मराठीत नव्याने घडलेला साध्य समास असा भेद करून दुसऱ्या प्रकारात पदान्ताचा मराठी नियम वैकल्पिक म्हणून मान्य करणे, हा मधला मार्ग ठरू शकतो.

आघाताचा प्रश्न

मराठीत आघात अर्थभेदक नाही. केवळ जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलला, असे येथे घडत नाही. त्यामुळे आघाताला व्याकरणात स्थान नसावे, असा समज झाला. छंदःशास्त्राने मात्र त्याची दखल घेतली. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते, हा संस्कृताचा नियम. मराठीत ते आघात असेल तरच गुरू होते. 'सत्य' या शब्दात 'स'वर आघात आहे, 'तुझ्या' या शब्दात 'तु'वर नाही. कारण पुन्हा अवयवाचे आहे. पहिल्यात तकार मागे येऊन अवयव बंद करतो. दुसऱ्यात 'झ्या' अखंड पुढे राहते. माधवराव पटवर्धनांच्या 'छन्दोरचना'सारख्या ग्रंथामुळे लघुगुरूंची चर्चा मराठीत शास्त्रशुद्ध झाली. परंतु ती वृत्तापुरती मानली गेली.

समासात याचे प्रत्यंतर सहज येते. 'शाळाप्रवेश' हे 'शा-ळा-प्र-वेश' असे तुटते; 'प्र' सीमा ओलांडून मागे येत नाही. 'देशप्रेम' यात अकार दबल्याने श, प, र ही तीन व्यंजने लागोपाठ येतात. साध्या मराठी शब्दाच्या मध्यभागी असा संयोग जड वाटला असता. येथे मात्र सीमा असल्याने 'देश-प्रेम' असा उच्चार सहज होतो. डचमध्ये सामान्यतः पूर्वपदावर मुख्य आघात येऊन समास एकसंध होतो. मराठीत तसा ठळक आघात नाही. येथे समासाचे एकसंधपण मुख्यतः पूर्वपदाच्या हलके होण्यातून जाणवते.

बोलीचे प्रमाण

सीमा पुसली गेली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी या भागाची बोलीच उपयोगी पडते. लातूर-नांदेडकडील 'करूलालो', 'जाऊलालो' ही रूपे प्रमाण मराठीतील 'करू लागलो', 'जाऊ लागलो' यांच्याशी नाते सांगतात. येथे 'लागलो'मधील गकार गेला, दोन शब्दांचा एक शब्द झाला आणि उत्तरपद प्रत्ययासारखे वागू लागले. समासात सीमा शाबूत असते. या क्रियारूपांत ती विरघळली आहे. बोलीला 'अशुद्ध' म्हणून बाजूला ठेवणाऱ्या अध्यापनाला समास आणि प्रत्यय यांतील भेद दाखविणारे असे जिवंत उदाहरण वर्गातच उपलब्ध असूनही वापरता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. मराठी समासाची सीमा उच्चारात पदान्ताप्रमाणे वागते. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांचे कारण अक्षरस्थानात नसून अवयवाच्या बंद वा उघड्या असण्यात आहे. पूर्वपदाचा आघात पदांच्या नात्यानुसार व समासाच्या मुरण्यानुसार हलका होतो. तत्सम पूर्वपदांचा नियम मराठीच्या पदान्तनियमाशी विसंगत आहे.

स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी खेड्यातून लातूर-नांदेडला येणारा विद्यार्थी 'शुद्ध शब्द ओळखा' या प्रश्नासमोर बसतो, तेव्हा त्याच्यापाशी संस्कृत प्रातिपदिकांचे ज्ञान नसते. मराठीचा कान असतो. 'विद्यार्थीगृह' लिहिताना तो कानाचे ऐकतो व गुण गमावतो. नियम अस्तित्वात आहे तोवर शिक्षकाने त्याला 'विद्यार्थिगृह' हेच शिकविले पाहिजे, यात शंका नाही. परंतु त्याची चूक अज्ञानातून आलेली नसून भाषेच्या जाणिवेतून आलेली आहे, हे शिक्षकाला ठाऊक असणे आणि त्याने ते विद्यार्थ्याला सांगणे, एवढे तरी आजच्या चौकटीत शक्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नियमांच्या फेरविचाराची मागणी मराठवाड्यातून व्हायची असेल, तर मराठवाडा साहित्य परिषद ही महामंडळाची घटकसंस्था या नात्याने त्यासाठी योग्य व्यासपीठ आहे. मात्र त्या मागणीचा आधार सोय हा नसावा. मराठी कशी उच्चारली जाते याचे काटेकोर निरीक्षण हा असावा.